घड्याळजींचा बोर्ड

ही गोष्ट खरी आहे. विश्वास ठेवायचा तर ठेवा, नाही तर सोडून द्या, माझा आग्रह नाही. मी अठरा वर्षं नर्स आहे. माणसं जाताना पाहिली आहेत, त्यांचा हात हातात घेऊन पाहिली आहेत. वॉर्डात कुणी 'बाहेरचं काहीतरी आहे' म्हणायला लागलं की सगळ्यांत आधी मी हसायचे.

आता हसत नाही.

आणि काळोख्या रात्रीची वाट बघत असाल तर तीही इथे नाही. हे सुरू झालं एका रविवारी, भर दुपारी, सव्वाचार वाजता. माझ्या मामांच्या घरी, मागच्या खोलीत. खिडक्या उघड्या, डोक्यावर पंखा, शेजाऱ्यांच्या टीव्हीवर मॅच. तेव्हा मी तिथे नव्हते. मामांनी मला जसं सांगितलं तसं सांगते. शेवटी मात्र मी होते, आणि...

शेवटचं शेवटीच सांगते.

मामा म्हणजे टेक्निकल कॉलेजच्या लॅबमधून रिटायर झालेला माणूस. हातात सोल्डरिंग आयर्न नसेल तर त्यांना जेवण जात नाही. रिटायर झाल्यावर त्यांनी एक खूळ डोक्यात घेतलं. जुन्या कॉम्प्युटर किटच्या नकला करायचं.

पन्नासएक वर्षांपूर्वी हौशी लोक कॉम्प्युटर पोस्टाने मागवायचे म्हणे. वहीच्या पानाएवढा एक हिरवा बोर्ड यायचा आणि पिशवीत सुटे भाग. घरी बसून एकेक भाग सोल्डर करायचा. पूर्ण झाला की खाली चोवीस बटणं, वर सहा लाल आकडे. संपला कॉम्प्युटर. ना पडदा, ना काही. वीज गेली की बिचारा सगळं विसरायचा, चिपमध्ये कायमचं कोरलेलं असेल तेवढंच उरायचं.

असे मूळ बोर्ड आता कुठे मिळतात? म्हणून मामा नकला करायचे. आणि नक्कल म्हणजे हुबेहूब. "मूळ बोर्डावर ओरखडा असेल तर माझ्याही बोर्डावर ओरखडा हवा," असं अभिमानाने सांगायचे.

मामी मागून म्हणायची, "तरी बरं, माझी नक्कल करायला नाही घेतली. सुरकुत्या मोजत बसले असते."

मामी अशीच. तोंडाने फटकळ, मनाने लोणी. पासष्ट वर्षांची, ठणठणीत, आयुष्यात कधी सलाइन लावलं नाही तिला. मामांचं सगळं जग तिच्याभोवती, पण ते त्यांनी तिला कधी बोलून दाखवलं नाही. दाखवायची गरज आहे असं त्यांना वाटलंच नव्हतं.

तर त्या वर्षी मामांना एक मूळ बोर्ड सापडला. एका म्हाताऱ्या घड्याळजींकडे. नव्वदीचे गृहस्थ, खाली दुकान, वर राहायची खोली. बोर्ड त्यांनी स्वतः चाळिशीत जोडलेला. खूप मिनतवाऱ्या केल्यावर आठ दिवसांसाठी दिला. देताना एकच अट घातली.

"बोर्ड मोजा, फोटो काढा, काय हवं ते करा. ती काचेच्या डोळ्याची, कोरलेली चिप मात्र काढू नका."

मामांनी मान हलवली. आणि घरी येऊन पहिलं काम काय केलं? तीच चिप काढली.

"अगं, चिपशिवाय नक्कल म्हणजे नुसता सांगाडा," ते मला म्हणाले. "आणि वाचून परतच लावणार होतो. कुणाला कळणार होतं?"

चिपमध्ये काय कोरलंय ते त्यांनी यंत्रावर वाचलं आणि किटच्या जुन्या छापील पुस्तकाशी ताडून पाहिलं. एकही ओळ जुळेना. दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, ह्यात मालकाने स्वतःचं काहीतरी भरलेलं दिसतंय, आपण ह्यात पडू नये. पण मामांना आनंदाचं भरतं आलं. त्यांना वाटलं, पुस्तक छापायच्याही आधीची ही आवृत्ती! जगात एकमेव! त्यांनी ती जशीच्या तशी दहा कोऱ्या चिपांत उतरवली.

बोर्डाच्या पाठीमागे अजून एक गोष्ट होती. रिसेटच्या बटणाकडे जाणारी तांब्याची रेघ एका जागी कापलेली होती. धारदार पात्याने, नीट, मुद्दाम. रिसेट दाबलं की असा बोर्ड गप्प होऊन पहिल्यापासून सुरुवात करतो. ह्याचं रिसेट कुणीतरी मारून टाकलं होतं.

मामांनी तोही काप आपल्या दहाही बोर्डांवर उतरवला.

नऊ किट त्यांनी पोस्टाने ठिकठिकाणच्या हौशी लोकांना पाठवले. चिप वेगळ्या डबीत. शेवटची चिप घेणाऱ्याने स्वतःच्या हाताने बसवायची, ही त्या लोकांची रीतच आहे. दहावा बोर्ड स्वतःसाठी ठेवला. त्या रविवारी सव्वाचारला त्यांनी त्यात चिप बसवली आणि वीज दिली.

सहाही आकडे काळे.

मामा चष्मा पुसून परत वाकले. एका कोपऱ्यात लाल ठिपका फक्त लुकलुकत होता. कुठे चुकलं ते शोधत बसले. बरोबर साडेचारला...

बझर वाजला.

एक सेकंद. आणि आपोआप थांबला. आकडे उजळले. पाच शून्यं आणि एक.

पावणेपाचला पुन्हा बझर. पुन्हा थांबला. आता दोन.

मामांना मजा वाटली. रात्री जेवताना त्यांनी कोडं उलगडल्यासारखं सांगितलं, की हा बोर्ड पंधरा मिनिटांनी हाक मारतो आणि कुणीतरी बटण दाबायची वाट बघतो. बटण दाबलं की एक आकडा पुढे जातो.

"मग दाबतं कोण?" मामीने विचारलं.

"कुणी नाही. बाहेरचं बटण जोडलेलंच नाही. ती वायरची जागा मोकळी आहे ना, मोकळ्या जागेत हवेतलं काहीबाही शिरतं, त्यालाच तो उत्तर समजतो. उद्या बुजवतो."

दुसऱ्या दिवशी बुजवली. बझर वाजला, थांबला. मामांनी ती जागा सोल्डर काढून साफ केली. वाजला, थांबला. शेवटी चिडून त्यांनी तिकडे जाणारी रेघच खरवडून टाकली. उत्तर आत यायला आता वाटच नव्हती.

बझर वाजला...

आणि थांबला.

आठवडाभर बोर्ड चालू ठेवायचा असं त्यांनी ठरवलं. नवीन बोर्ड असा तापवूनच पारखतात. मामी वैतागली. "ही माझी सवत आणलीत घरात. ती पंधरा मिनिटांनी हाक मारते तर धावत जाता. मी सकाळपासून ओरडतेय की नळ गळतोय, तर 'आलो, आलो'."

हे ती दारात उभी राहून म्हणाली. उजवा हात चौकटीवर टेकवलेला. बोलता बोलता बझर वाजला, तिचा अंगठा चौकटीवर रुतला, बझर थांबला. मामांनी पाहिलं, पण लक्षात घेतलं नाही.

लक्षात आलं ते गुरुवारी.

मामी स्वयंपाकघरात भाजी चिरत होती. मागच्या खोलीच्या दारातून ती नीट दिसते. अकरा वाजले. बझर वाजला आणि ह्या वेळी लगेच थांबला नाही. तीन सेकंद. चार. पाच. मामांनी मान वर केली.

मामीच्या उजव्या हातात सुरी होती. तिने सुरी खाली ठेवली. समोर भिंतीकडे बघत, चेहऱ्यावर काहीच नाही. मग अंगठा पाटावर टेकवला...

आणि दाबला.

बझर थांबला. मामीने सुरी उचलली आणि गाणं गुणगुणत पुढचा कांदा घेतला.

"काय गं, सुरी का ठेवलीस?" मामांनी विचारलं.

"कधी ठेवली? डोळे तपासून घ्या."

त्या दिवशी ते तिच्या मागे मागे फिरले. सव्वाअकरा. साडेअकरा. पेपर वाचताना पेपरवर, टीव्ही बघताना खुर्चीच्या दांड्यावर. तिला पत्ताच नाही. रात्री ते उशाशी दिवा लावून बसले. गाढ झोपेत ती चादरीवर अंगठा दाबत होती. चार वाजेपर्यंत एकही वेळ चुकली नाही.

सकाळी उठल्या उठल्या त्यांनी प्लगला हात घातला. काढणार, एवढ्यात फोन वाजला.

एका शाळेतले मास्तर. नऊ किटपैकी एक त्यांनी घेतला होता. किट छान आहे म्हणाले, पण रिसेट चालत नाही आणि सारखा बझर वाजतो.

"मग काय केलंत?"

"गेल्या मंगळवारी सरळ वीज काढली. तुम्हाला तेव्हाच फोन करणार होतो, पण राहूनच गेला. त्याच दुपारी आमचे बाबा गेले."

मामांनी फोन कानाशी घट्ट धरला.

"आजारी वगैरे काही नव्हते हो. खुर्चीत बसून रेडिओ ऐकत होते. मी इकडे प्लग काढून त्यांना चहा द्यायला गेलो, तर..."

मामांनी हळूच प्लगवरचा हात काढून घेतला. हात घामाने ओला झाला होता, शॉक बसेल म्हणून आधी पुसला, असं त्यांनी मला सांगितलं. त्या माणसाला तसल्या वेळीही असं काहीतरी सुचतं.

योगायोग असेल. मीही तेच म्हटलं असतं. पण समोर स्वतःची बायको असताना योगायोगावर भरवसा ठेवून प्लग कोण ओढणार?

ते तडक घड्याळजींकडे गेले. चिप काढल्याचं कबूल केलं. म्हातारा ओरडेल असं वाटलं होतं, पण त्याने हातातलं घड्याळ खाली ठेवलं. मग त्याने सांगितलं.

त्याची बायको वरच्या खोलीत अंथरुणाला खिळलेली होती. बोलणं गेलेलं. सगळ्या अंगात उजवा अंगठा तेवढा हलायचा. खाली दुकान सोडून हा तिच्याजवळ किती बसणार? म्हणून त्याने तो बोर्ड जोडला. अंगठ्याखाली एक बटण, तिथून खाली वायर. पंधरा मिनिटांनी बझर वाजायचा. तिने बटण दाबलं की ती आहे. नाही दाबलं तर बझर वाजत राहायचा आणि हा जिना चढून धावायचा. सहा वर्षं असं चाललं.

"एकदा गिऱ्हाईक होतं," घड्याळजी म्हणाला. "बझर वाजत राहिला. चार जणांत लाज वाटली. रिसेट दाबलं. म्हटलं, पाच मिनिटांनी जाऊन बघतो."

त्याने वर जाणाऱ्या जिन्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "नंतर मीच ती रेघ कापली. परत कुणाला तिला गप्प करता येऊ नये."

"पण आता हा बोर्ड कुणाला विचारतोय?" मामा म्हणाले. "माझ्या घरी का?"

"ते मला कसं ठाऊक असणार? तुम्हाला उत्तर मिळतंय ना?"

"मिळतंय."

"मग मिळू द्या."

त्या दिवसापासून मामांचा जीव टांगणीला लागला. वीज गेली तर म्हणून गाडीची मोठी बॅटरी आणून बोर्डाला जोडली. किट घेतलेल्या बाकीच्यांना पत्रं लिहिली, की बोर्ड बंद करू नका, सतत चालू ठेवला तर जुन्या चिपा टिकतात. चक्क खोटं. चौघांनी कळवलं की अजून चिपच बसवली नाही. त्यांच्याकडून चिपा परत मागवून घेतल्या. दोघांनी लिहिलं, चालू आहे, छान आहे. दोघांचं उत्तरच आलं नाही.

मामीला ते काही बोलले नाहीत. तिला कळलं ते अंगठ्यामुळे. तिने मला फोन केला, "अगं, अंगठा ठणकतोय, नख निळं पडलंय, कुठे आपटलाय ते आठवत नाही." मी म्हटलं मलम लाव. मलम लावताना मामा समोर बसून रडायलाच लागले. मग सगळं बाहेर आलं.

मामी घाबरली नसेल असं नाही. पण ती चिडली जास्त.

"म्हणजे मी ह्या डब्याच्या मेहेरबानीवर जगतेय? आणि तुम्ही महिनाभर गप्प? काढा तो प्लग!"

"नाही काढणार."

"मी काढते."

"माझ्या गळ्याची शपथ आहे तुला!"

पंधरा दिवस हेच. तो माणूस कधी भांडला नव्हता, तो दारात आडवा उभा राहायला लागला. शेवटी मामी थकून म्हणाली, "अहो, आज तुम्ही राखण कराल. उद्या तुमचं काही झालं तर? मला असं तुकड्या-तुकड्यांनी नाही जगायचं. जायचं असेल तर मी हसत जाईन, पण बंद करा." मामा कबूल झाले. त्यांनी एक अट घातली, की भाचीला बोलवू. ती नर्स आहे. ती शेजारी असेल तरच.

म्हणून शनिवारी सकाळी मी तिथे गेले. सोबत ऑक्सिजन, इंजेक्शनं, दारात गाडी उभी. मला खरं सांगायचं तर दोघांची कीव आली होती. म्हातारपणी घरात दोघंच राहिली की असे खेळ मन करतं, असं मी येताना नवऱ्याला सांगून आले होते.

ठरलं असं, की अकरा वाजताचा बझर होऊ द्यायचा, उत्तर झालं की लगेच मामांनी प्लग काढायचा. पुढच्या हाकेपर्यंत तरी उसंत मिळेल, असा त्यांचा हिशोब.

मामी केस विंचरून आली. मी तिच्या उजवीकडे बसले, माझ्या डाव्या हाताने तिची उजवी नाडी धरली. तिची नाडी माझ्यापेक्षा शांत होती. मामा भिंतीशी, हात प्लगवर, बॅटरी आधीच सोडवून ठेवलेली.

"मेले तर ती सवत भंगारात घाला," मामी म्हणाली. "आणि तो नळ दुरुस्त करा."

मामा हसले नाहीत.

अकरा वाजले...

बझर.

आम्ही तिघंही मामीच्या अंगठ्याकडे बघत होतो.

एक सेकंद. दोन. तीन.

अंगठा हलला नाही.

"अगं, दाब," मामा म्हणाले. "दाब ना गं!"

मामीने समजून उमजून टेबलावर अंगठा दाबला. जोरात. नख पांढरं होईपर्यंत. बझर वाजतच राहिला. तिने पुन्हा दाबला. काही फरक नाही. सात. आठ. मामांचा चेहरा मला आजही आठवतो. माणूस उभ्या उभ्या राख होतो म्हणजे काय, ते मी तेव्हा पाहिलं.

आणि...

बझर थांबला.

लाल आकडा एकाने पुढे सरकला.

मामीची नाडी माझ्या बोटांखाली ठकठक चालू होती. तिने अंगठा उचलून डोळ्यांसमोर धरला आणि मोठ्याने हसली. "बघा! मी दाबलाच नाही! म्हणजे दाबला, पण माझ्याने नाही थांबला. सुटले मी! काढा आता तो प्लग!"

मी पण हसले. मामांकडे बघितलं.

मामा मामीकडे बघत नव्हते. ते माझ्या मांडीकडे बघत होते. माझा उजवा हात तिथे होता.

मी खाली पाहिलं. माझा अंगठा माझ्या गुडघ्यात रुतला होता. कापडाला खळी पडली होती.

मला काहीच जाणवलं नव्हतं. आई शप्पथ, काहीच नाही.

मामीचं हसू थांबलं. पंधरा दिवस जी बाई प्लग काढा म्हणून घसा सुकवत होती, ती खुर्ची ढकलून उठली आणि मामा नि प्लगच्या मधे जाऊन उभी राहिली.

"हात लावायचा नाही," ती म्हणाली. "कुणी हात लावायचा नाही त्याला. पोरीला दोन लहान मुलं आहेत."

ह्याला सात महिने झाले.

मामीचं नख बरं झालं. ती आता त्या खोलीतच बसते. मामा झोपले की ती जागते, ती झोपली की ते. सवत म्हणणं तिने बंद केलंय. मी तिला म्हटलं, मामी, इतकं करू नकोस, तर ती म्हणाली, गप्प बस, मोठी झालीस का फार?

मला अजूनही काही जाणवत नाही. मी नवऱ्याला लक्ष ठेवायला सांगितलं. तो म्हणतो, छे, काही नाही, तू उगाच मनाला लावून घेतेस. पण मी सुरी हातात घेतली की तो माझ्या बाजूला येऊन उभा राहतो. आधी कधी राहायचा नाही.

इंजेक्शन देणं मी सोडलं. सिरिंज अंगठ्यानेच दाबतात. मी मेट्रनना मनगट दुखतं असं सांगून रेकॉर्डच्या टेबलावर बदली मागून घेतली. अठरा वर्षांत मी कामावर कधी खोटं बोलले नव्हते, हे फार लागतं मला.

काल दुपारी मामीचा फोन आला. आवाज नेहमीसारखाच ठेवायचा प्रयत्न करत होती.

"मुलं बरी आहेत ना? जेवलीस का?"

"हो. काय झालं, मामी?"

"काही नाही गं. मघाशी सव्वादोनला जरा जास्त वेळ वाजला. एकवीस सेकंद. तू तेव्हा काय करत होतीस?"

मी आठवून पाहिलं. दोन वाजता टेबलावर फाइली होत्या. अडीचला मी जिन्याजवळ उभी होते.

मधलं मला काहीच आठवत नाही.